गवंड्यासाठी एक प्रत

आमच्या घरी एक कवयित्री महिनाभर राहून गेली आणि तिचं पुस्तक पुरं झालं, ते माझ्यामुळे झालं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

मी स्वतः कवी नाही. पुतणीच्या लग्नात एकदा चार ओळी म्हटल्या होत्या, तेव्हापासून भाऊ मला माइकपासून लांब बसवतो. पण साहित्याची आवड आहे, म्हणून आमच्या साहित्य संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे. कार्यकारिणीवर असणं म्हणजे कार्यक्रमाआधी खुर्च्या मांडायच्या आणि कार्यक्रमानंतर त्याच उचलायच्या.

संस्थेच्या सचिव म्हणजे एक प्रकाशकबाई. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं प्रकाशन चालतं. एका खोलीत कागदाचे गठ्ठे, दुसरीत बाई. दरवर्षी एका नव्या कवीचं पहिलं पुस्तक काढायचं, एकच काढायचं, पण नीट काढायचं, असा त्यांचा नेम. प्रुफं स्वतः वाचतात, ओळीखाली पट्टी धरून. त्यांचं म्हणणं असं, की छापून देणारे एक वेळ भेटतात. पण पुस्तक पुरं होईपर्यंत बसायला जागा आणि वेळ कोणी देत नाही. म्हणून संस्थेने योजना काढली. ज्या सभासदाकडे रिकामी खोली असेल, त्याने ती महिनाभर कवीला द्यायची. जेवणखाण घरचं.

मी हात वर केला.

"घर शांत आहे ना?" बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"टाचणी पडली तरी ऐकू येते आमच्याकडे," मी म्हणालो.

आता खरं सांगायचं तर आमच्या घरात टाचण्या दिवसभर पडतात, कारण बायको शिवणकाम करते. पण त्या ऐकू येत नाहीत, कारण तिचं मशीन सुरू असतं. मशीनपेक्षा मोठा आईचा टीव्ही, कारण आईला कमी ऐकू येतं. आणि टीव्हीपेक्षा मोठा आवाज वरच्यांचा. वरचे म्हणजे वरच्या मजल्यावरचे शेजारी. त्यांनी नेमकं तेव्हाच बाथरूम फोडायला काढलं होतं. पण हात वर गेला तो गेला.

"मशीन महिनाभर तुझ्या बहिणीकडे ठेवू. तू तिथे जाऊन शीव," मी बायकोला म्हणालो.

"अहो, कवयित्री येतेय की बाळंतीण?"

पण ती तयार झाली, त्यामागे कुतूहल होतं. "माझ्याकडे आधी कापड असतं, मग मी कापते," ती म्हणाली. "हिच्याकडे आधी काय असतं? एकदा बघायचंय मला." आईनेही लगेच विचारलं, "ती बसून करते की फिरून?" मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "बघूच."

तयारी अशी केली की विचारू नका. दरवाजाची बेल काढली. बिजागऱ्यांना तेल घातलं. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवले. घड्याळ टिकटिक करतं म्हणून कपाटात कपड्यांच्या खाली ठेवलं. मिक्सर बंद, कुकर बंद. सगळं उघड्या पातेल्यात शिजवायचं. आईला टीव्हीसाठी हेडफोन आणले. पण हेडफोन लावल्यावर ती आणखी मोठ्याने बोलायला लागली, म्हणून तिला सांगितलं, काही हवं असलं तर हाताने खूण कर.

राहिले वरचे. त्यांच्याकडे जाऊन कामगारांना महिनाभर थांबवायची विनंती केली.

"का? कोणी आजारी आहे?"

"कवयित्री येतेय."

"मग मी आंघोळ कुठे करू? बाथरूम अर्धं फोडलंय. बायको कंटाळून मुलीकडे जाऊन बसलीय."

शेवटी असं ठरलं, की ते रोज सकाळी आमच्याकडे आंघोळीला येणार. मात्र चपला न घालता आणि तोंड न उघडता.

कवयित्री आली ती एक पिशवी घेऊन. बसस्थानकावर घोषणा करण्याची तिची नोकरी. दारात उभी राहून तिने नुसतं "येऊ का?" विचारलं, तर खालच्या मजल्यावरच्यांनी दार उघडून वर बघितलं. स्वभावाने मात्र अगदी साधी. "काका, बिनपगारी रजा काढलीय," ती म्हणाली. "शेवटचा भाग राहिलाय पुस्तकाचा. महिनाअखेर दिला नाही तर पुढच्या वर्षी दुसऱ्याची पाळी ठरलेली आहे. आणि एवढी रजा मला पुन्हा कोणी देणार नाही."

"तू फक्त लिही," मी कुजबुजलो. "आवाजाचं आम्ही बघतो."

तिने माझ्याकडे जरा चमकून पाहिलं आणि तीही कुजबुजली, "बरं."

पहिले काही दिवस आमचं घर पाण्याखाली बुडाल्यासारखं होतं. आम्ही पायांच्या बोटांवर चालायचो. शिंक आली की गॅलरीत पळायचो. सकाळी वरचे कमरेला टॉवेल गुंडाळून, छातीशी साबण धरून, एक शब्द न बोलता हॉलमधून जायचे आणि तसेच परत जायचे. कवयित्री खोलीच्या दारात चहा घेऊन उभी असली की मान लववायचे. तीही लववायची. आई पलंगावर कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून पडलेली असायची आणि मधेच हवेत हात हलवून पाणी मागायची. जेवायला मऊ भात आणि उकडलेला दुधी.

आणि कुतूहल तर आवरत नव्हतं. बायको शिवायला बहिणीकडे जायचं सोडून दिवसातून पुन्हा पुन्हा चहा घेऊन आत जायची आणि बाहेर आली की मी तिला कोपऱ्यात गाठायचो.

"काय करतेय?"

"बसलीय."

"आणि?"

"भिंतीकडे बघतेय."

"सुचत असणार," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशीही ती भिंतीकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी बायकोने केराची टोपली तपासली. टोपली स्वच्छ होती. "अहो, खाडाखोडसुद्धा नाही. मी एक फ्रॉक बेतते तरी चिंध्या किती पडतात." मीही टोपली उलटी करून बघितली. त्यात प्रकाशकबाईंचा फोन. "काय म्हणतंय काम?" मी म्हणालो, "वेगात आहे!" त्या म्हणाल्या, "वा, मग मी छपाईची तारीख पक्की करते." आता माझ्या एका शब्दावर तारीख पक्की झाली होती आणि आत ती भिंतीकडे बघत होती.

अर्धा महिना असाच गेला आणि एका दुपारी ती पिशवी भरून हॉलमध्ये आली. डोळे सुजलेले.

"काका, मी निघते," ती कुजबुजली. "आजींची तब्येत अशी असताना मी इथे राहणं बरं दिसत नाही."

"आईला काय झालं?" आईने हिला काही सांगितलंय आणि माझ्यापासून लपवलंय, असंच मला वाटलं.

"तुम्ही लपवू नका, काका. सगळे हळू बोलतात. पथ्याचं जेवण असतं. आजी उठत नाहीत, नुसती खूण करतात. आणि ते रोज सकाळी येणारे, एवढे दुःखी गृहस्थ... ते नातेवाईक आहेत का?"

तेवढ्यात हिची पिशवी आणि आमचे चेहरे बघून आईने हेडफोन काढले आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कोण आजारी आहे?"

मग सगळं बाहेर आलं. मशीन, मिक्सर, बेल, वरचे, त्यांचा टॉवेल, सगळं. ती आधी हसली, मग रडायला लागली. बायकोने तिला पाणी दिलं.

"एक ओळ झालेली नाही, काकू. एकसुद्धा नाही. इथे इतकं शांत आहे की मला माझं गिळणं ऐकू येतं. आजवरचं सगळं मी घोषणेच्या खोलीत लिहिलंय. बाहेर गाड्या, भोंगे, माणसांची भांडणं. एक गाडी सांगायची, दुसरी यायची, त्या मधल्या फटीत ओळ यायची. गोंगाट असला की मला माझा आवाज राखावा लागतो. इथे राखायचा कोणापासून?"

"म्हणजे आधी गोंगाट असतो," बायको हळूच म्हणाली. तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

"मग आधी का नाही सांगितलंस, बाळ?" आई म्हणाली.

"तुम्ही एवढं माझ्यासाठी करताय... आणि कवीला शांतता लागत नाही असं सांगायचं कसं?"

पुढच्या तासाभरात मशीन परत आलं, कुकर चढला, आईने टीव्ही लावला. आई तर सुटल्यासारखी बोलत होती. पण कवयित्री खोलीतून डोकं काढून, अगदी संकोचून म्हणाली, "काका, छान आहे, पण हे घरातलं वाटतंय. स्थानकावर कसं, काही तरी मोठं, आपल्या हातात नसलेलं सुरू असतं."

"एवढंच ना? वरच्यांना एक शब्द टाकतो, कामगार लगेच कामाला लागतील!" मी छाती काढून म्हणालो आणि वर गेलो.

"कामगार?" वरचे म्हणाले. "ते दुसऱ्या कामावर गेले. तुम्हीच थांबवलंत ना? आता महिनाभर येत नाहीत."

खाली जाऊन हे सांगायचं कोणत्या तोंडाने? मी कोपऱ्यात बघितलं. छिन्नी होती, हातोडा होता, अर्ध्या भिंतीवर फरशा होत्या.

"मी फोडू का?" मी विचारलं.

वरच्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "फोडा. पण पाइप सांभाळा."

त्या दिवसापासून माझ्या संस्थेच्या बैठका सुरू झाल्या. म्हणजे घरी तसं सांगितलं. बायकोला खरं माहीत होतं, कारण ती कपडे धुते. रोज नाश्ता करून मी स्वच्छ शर्ट घालून निघायचो आणि जिना उतरायच्याऐवजी चढायचो. पहिला घाव फरशीवर, दुसरा अंगठ्यावर, तिसरा हवेत. संध्याकाळी केसांत चुना घेऊन परतलो की कवयित्री काळजीने म्हणायची, "काका, संस्था फार राबवून घेते हो तुमच्याकडून." मी म्हणायचो, "कपाटं आवरली आज."

पण खाली कागद भरत होते. बायको टोपलीतले बोळे दाखवायची आणि आम्ही दोघं ते बघून खूश व्हायचो. वाचले मात्र नाहीत. ती म्हणाली, दुसऱ्याच्या चिंध्या उलगडून बघू नयेत.

फरशा संपत आल्या होत्या तेव्हा प्रकाशकबाई न सांगता घरी आल्या. मी अर्थातच वर होतो. पुढचं बायकोकडून कळलं. टीव्ही सुरू, मशीन सुरू, कुकरची शिट्टी, वरून दणके, आणि दारातच टॉवेल गुंडाळलेले वरचे. त्यांची आता तोंड बंद ठेवायची अट सुटली होती, म्हणून ते गात होते.

"ही का तुमची टाचणी?" बाईंनी विचारलं. "आणि तुमचे यजमान कुठे आहेत?"

"काका संस्थेच्या बैठकीला गेलेत," कवयित्री म्हणाली.

"कोणत्या बैठकीला? सचिव मी आहे."

"उपसमितीच्या," बायको मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

बाईंनी कवयित्रीकडून झालेले कागद मागितले आणि तिथेच स्टुलावर बसून, पट्टी धरून, शेवटपर्यंत वाचले. मग उठून म्हणाल्या, "जरा वर जाऊन त्या गवंड्याशी बोलून येते."

दार उघडून बाई समोर उभ्या राहिल्या तेव्हा मी पांढराफटक होतो, चुन्याने आणि भीतीनेही. हातोडा लपवायला जागा नव्हती.

"बाई, मी फोनवर वेगात आहे म्हणालो होतो, ते तेव्हा खोटं होतं..."

"थांबलात का?" बाई म्हणाल्या. "दोन कविता राहिल्यात अजून. चांगलं लिहितेय ती."

"बाई, फरशा संपत आल्या."

त्यांनी भिंतीकडे बघितलं, पदर खोचला आणि छिन्नी उचलून फरशीच्या कडेला टेकवली. "पुरवून पुरवून मारा. आणि माझा हात सांभाळा, मला प्रुफं वाचायची आहेत."

अशा रीतीने संस्थेचे सचिव आणि कार्यकारिणी सदस्य यांनी मिळून ते बाथरूम फोडायचं काम पूर्ण केलं. खाली जाताना बाई म्हणाल्या, "तिला यातलं काही सांगायचं नाही. नाहीतर आपल्यासाठी कोणी भिंत फोडतंय या ओझ्याने तिचा हात थांबेल." मी शब्द दिला.

पुस्तक वेळेवर आलं. प्रकाशनाला मी खुर्च्या मांडल्या आणि पहिल्या रांगेतली एक स्वतःसाठी ठेवली. अर्पणपत्रिकेत कोणाचं नाव असणार याची मला कल्पना होती, म्हणून सगळ्या नातेवाइकांना बोलावलं होतं. भाऊसुद्धा आला होता. तिने माइक हातात घेतला आणि सभागृह दणाणून गेलं.

"हे पुस्तक," ती म्हणाली, "वरच्या मजल्यावरच्या, मी कधीच न पाहिलेल्या त्या गवंड्याला. त्याच्या हातोड्याला कसलाही ताल नव्हता. दोन घावांच्या मधे केव्हा किती वेळ मिळेल, हे कधी कळायचं नाही. त्या अंतरात मी लिहीत गेले."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात वरच्यांनी वाजवल्या. प्रकाशकबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बायकोने पदर तोंडात कोंबला होता. भाऊ माझ्या कानाशी लागून म्हणाला, "तुझं नाव कुठाय?" मी म्हटलं, "असेल आभारात." तिथे आम्ही सगळे होतो, आईचा टीव्हीसुद्धा. माझ्यापुढे लिहिलं होतं, 'काका, जे संस्थेच्या कामामुळे फारसे घरी नसायचे.'

कार्यक्रम संपल्यावर मी खुर्च्या उचलत होतो, तर ती धावत आली. हातात पुस्तकाची एक प्रत, आत तिची सही.

"काका, तो गवंडी कुठे राहतो ते वरच्या काकांना माहीत असेल ना? ही त्याला द्याल? नक्की द्या हं. त्याला वाचता येत नसलं तर कोणाकडून तरी वाचून घे म्हणावं."

"देतो," मी म्हणालो.

दिली. पलंगाजवळच्या कप्प्यात असते. अंगठ्याचं नख अजून पुरतं आलेलं नाही, त्यामुळे पानं उलटायला जरा वेळ लागतो.