मधला माणूस

भांडण मिटवण्याइतकं निःस्वार्थ काम जगात दुसरं नाही, असं नामदेवतात्यांचं ठाम मत होतं. आणि गावात भांडण नसलं की त्यांना जेवण जात नसे.

बारामतीच्या कोर्टात नावांचा पुकारा करण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन निमगाव केतकीला परतले ते 'मधला माणूस' व्हायचं ठरवूनच. आणि ते खरोखरच मध्ये बसत. एसटीत नवरा-बायको शेजारी दिसले की "सरका जरा" म्हणून दोघांच्या मधोमध. "आता न्हाय, पण पुढं भांडान व्हईलच की!" लग्नानंतरचा आमचा पहिला प्रवास मी आणि बायकोने तात्यांच्या दोन बाजूंना बसून केला.

खटले कोर्टाबाहेर समजुतीने कसे मिटवावेत, हे लोकांना सांगणारा कार्यक्रम आमच्या गावात घ्यायचं न्यायाधीशसाहेबांनी ठरवलं आणि जबाबदारी तात्यांवर टाकली. तात्यांचे पाय जमिनीला लागेनात.

शाळेत येऊन मला म्हणाले, "मास्तर, नुसतं भाषान कोण ऐकतंय? जित्तं भांडान दाखवू!"

भांडण तयारच होतं. शेवग्याचा बुंधा हणमंताच्या रानात आणि शेंगा लोंबायच्या त्या रघूच्या. दोघे रोज संध्याकाळी तात्यांच्या ओट्यावर येऊन भांडत. तात्या मध्ये बसत, चहा होई आणि निकाल उद्यावर जाई.

कार्यक्रमाच्या सकाळी तात्यांकडून एकच चूक झाली. लाउडस्पीकरचा भोंगा आणायला त्यांनी याच दोघांना एका लुनावर बसवून इंदापूरला धाडलं.

आठवडी बाजाराचा दिवस; दुपारी देवळापुढं अख्खा बाजार लोटला. साहेब हार घालून व्यासपीठावर बसले. तात्यांनी दोघांना खाली माइकपुढं उभं केलं.

"हं, भांडा."

"कशावरनं?" हणमंता म्हणाला.

"आरं, शेवग्यावरनं!"

"ते मिटलं की, तात्या. येताना लुना पंक्चर झाली. ढकलता ढकलता बोलनं झालं. शेंगा निम्म्या-निम्म्या."

"मिटलं? कुणाला इचारून मिटलं? मधी कोण हुतं?"

दोघांनी आठवून पाहिलं.

"भोंगा," रघू म्हणाला.

बाजार हसून लोळायचा बाकी राहिला. तात्यांनी टोपी आपटली, दोघांवर नालायकीचा ठपका ठेवला आणि जुन्या सवयीने पुकारा केल्यासारखे ओरडू लागले. शेवटी साहेब स्वतः खाली उतरले आणि तात्या आणि त्या दोघांच्या मध्ये उभे राहिले.

"तात्या, भांडण मिटलं, हे चांगलंच झालं. तुमची हरकत काय?"

तात्यांनी टोपी उचलून झटकली. मग हळूच, फक्त साहेबांना ऐकू जावं म्हणून बोलले, "साहेब, घरात मी एकलाच हाय. आता सांजच्याला कोण येनार?"

माइक चालू होता. भोंगा उत्तम निघाला. पार मिरचीवाल्यांपर्यंत ऐकू गेलं, आणि हसू जागच्या जागी थांबलं.

साहेबांनी भाषण आवरतं घेतलं.

संध्याकाळी मी तात्यांच्या घरावरून जात होतो. हणमंता आणि रघू येऊन ओट्याच्या दोन टोकांना बसले, मध्ये जागा सोडून.

"तात्या, या भाईर. आमचं लई मोठं भांडान झालंय."

तात्या चहाचं आधण तसंच सोडून धावत आले आणि मध्ये बसले.

"बोला. कशावरनं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते ठरवायचं राहून गेलं होतं.