जावईबापूंचं क्रीम

फोटोवाल्यांनी त्या दिवशी नुसती मान हलवली. सगळं तिथून सुरू झालं.

झालं असं, की पासपोर्टचे फोटो घ्यायला आलेल्या एक बाई काउंटरपाशी थांबल्या होत्या. स्टुडिओच्या काचेत नमुन्यादाखल लावलेले फोटो बघता बघता त्यांनी एका देखण्या तरुणावर बोट ठेवलं. "मुलगा वाटतं तुमचा? नाक अगदी तुमच्यावर गेलंय."

तो फोटो फोटोवाल्यांचाच होता. स्टुडिओ उघडला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचाच काढून लावला होता. हे बाईंना सांगता आलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकी खात्री होती, की फोटोवाल्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली. (त्यांना मुलगा नाही. मुलगी आहे, ती परगावी शिकते आणि नाकाने आईवर गेली आहे.)

बाई गेल्या आणि फोटोवाले आरशासमोर उभे राहिले. लोकांच्या सुरकुत्या कॉम्प्युटरवर पुसण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे स्वतःकडेही त्यांनी धंद्याच्या नजरेने पाहिलं. कपाळ, डोळ्यांचे कोपरे, नाकापासून हनुवटीपर्यंत उतरलेल्या दोन रेघा. माऊस हातात असता तर चहा थंड व्हायच्या आत काम झालं असतं. पण चेहऱ्याला माऊस कुठे लावणार?

त्यांचा स्वभाव मुळात चौकस. इस्त्री बिघडली की दुकानात देण्याआधी ते आत काय आहे ते बघत, आणि मग ती दुकानात द्यायची गरजच उरत नसे. नवी घ्यावी लागे. त्यांनी मोबाइलवर शोध घेतला, तर एक तुकतुकीत बाई घरच्या घरी वय उतरवणारं क्रीम करून दाखवत होत्या. बदाम तेल, मधमाशांचं मेण, गुलाबपाणी आणि वरून सुगंधी अर्कांचे मोजके थेंब. फोटोवाल्यांना वाटलं, यात अवघड ते काय? हा विचार त्यांच्या मनात यापूर्वी आला होता तो इस्त्रीच्या वेळी.

अत्तरांच्या दुकानदाराने लॅव्हेंडर, लिंबू आणि दालचिनी अशा तीन चिमुकल्या बाटल्या पुढ्यात ठेवल्या. "थेंबाने वापरा हं. दिसायला तेल असलं तरी हा अर्क आहे. दालचिनी तर चेहऱ्याला नकोच, उदबत्तीवाले नेतात."

"माहितीये," फोटोवाले म्हणाले. त्यांना काहीही माहीत नव्हतं. पण सगळ्यांत छान वास दालचिनीचाच होता.

बायको गणिताची शिक्षिका. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या, त्यांच्याबरोबर सगळ्या शिक्षकांचा एक ग्रुप फोटो निघायचा होता, आणि ते काम बायकोने शब्द टाकून नवऱ्याला मिळवून दिलं होतं. त्या तयारीसाठी ती शाळेत गेली होती. घरी फोटोवाले आणि सासूबाई. सासूबाईही चौकस होत्या. (त्या इस्त्रीचे स्क्रू त्यांनीच धरले होते.)

"काय शिजतंय, जावईबापू?"

"शिजत नाही, आई. क्रीम करतोय. सुरकुत्यांचं."

सासूबाईंनी खुर्ची ओढून घेतली.

पातेल्यातल्या गरम पाण्यात वाटी ठेवून त्यांनी मेण आणि तेल वितळवलं. तिथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललं. मग गुलाबपाणी ओतलं, तर तेल एकीकडे आणि पाणी एकीकडे, भांडण झालेल्या जावांसारखं. चमच्याने ढवळून समेट होईना. शेवटी मिक्सर लावला. तेव्हा कुठे भांड्यात पांढरंशुभ्र, लोण्यासारखं काहीतरी जमलं आणि दोघं एकमेकांकडे बघून हसले.

"आता अर्क," फोटोवाले म्हणाले. "दोन-दोन थेंब."

"दोनच? अहो, सुरकुत्या किती, थेंब किती."

"दुकानदाराने बजावलंय."

"तो चाळिशीचाही नसेल. त्याला काय ठाऊक?"

तेवढ्यात दाराची बेल वाजली. फोटोवाले कुरिअरची सही करून येईपर्यंत सासूबाईंनी दालचिनीची अर्धी बाटली भांड्यात रिकामी केली आणि पदर सारखा करून बसल्या. फोटोवाले परत आले. सासूबाई डबा आणायला उठल्या, तेव्हा फोटोवाल्यांनाही वाटलं, की आई म्हणतात त्यात तथ्य आहे. उरलेली अर्धी त्यांनी ओतली. दोघांनीही एकमेकांना काही सांगितलं नाही.

"घ्या, आई. पहिला मान तुमचा."

"छे, घरात कर्ता पुरुष असताना मी कशी लावू?" सासूबाई म्हणाल्या. मानपानाचा असा हुशार उपयोग फोटोवाल्यांनी आजवर पाहिला नव्हता.

त्यांनी चेहऱ्यावर चांगला जाड थर दिला.

"कसं वाटतंय?"

"गार." मग जरा वेळाने, "कोमट." मग, "चुरचुरतंय जरा."

"म्हणजे गुण येतोय."

सासूबाईंनी भिंग आणलं आणि जावयाचं कपाळ तपासलं. भिंगाआडचा त्यांचा डोळा विस्फारला. "जावईबापू, रेघ गेली."

"कुठली?"

"मधली. आणि आता तिच्या शेजारचीही."

फोटोवाले आरशाकडे धावले. खरंच, कपाळ सपाट झालं होतं. गाल टंच भरले होते. नाकापासून उतरलेल्या त्या दोन रेघा तर शोधूनही सापडेनात. चेहरा टोमॅटोसारखा लाल होता, पण तारुण्य म्हटलं की थोडी लाली आलीच. क्षणभर त्यांना काचेतल्या त्या फोटोचीसुद्धा कीव आली.

मग आरसा अरुंद व्हायला लागला. तो अरुंद होत नसून आपले डोळे मिटताहेत, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तोवर चेहऱ्याची भट्टी पेटली होती. नळाखाली डोकं घातलं, तर मेणाच्या थरावरून पाणी छत्रीवरून घरंगळावं तसं घरंगळून गेलं. डॉक्टरांना फोन लावायला गेले, तर चेहरा बघून उघडणाऱ्या मोबाइलने त्यांना ओळख दाखवायचं नाकारलं.

त्याच सुमारास बायको घरात आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, पर्स खाली ठेवली आणि विचारलं, "आई, यांना कोणी मारलं?"

"कोणी नाही गं. तरुण होताहेत."

गल्लीच्या टोकावरच्या डॉक्टरीणबाईंनी साध्या तेलाच्या बोळ्याने थर पुसून काढला, औषध दिलं आणि सांगितलं, की सूज ओसरेल, पण काही दिवस कातडी सोलवटेल. मग विचारलं, "दालचिनीचा अर्क किती घातला होता?"

"अर्धी बाटली," जावई आणि सासूबाई एकदम म्हणाले, आणि दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे फोटोवाल्यांनी पाहिलं नाही, त्यांना तेव्हा काही दिसतच नव्हतं. त्यांनी नुसती मान वळवली.

घरी परतताना बायकोने नवऱ्याचा हात धरून त्यांना गल्लीतून सावरत आणलं. मग म्हणाली, "उद्याचं मी दुसऱ्या कोणाला सांगू का?"

तिने हे रागाने विचारलं असतं, तर त्यांनी सोसलं असतं. पण तिने हळूच विचारलं, आणि फोटोवाल्यांना चेहऱ्यापेक्षा जास्त तेच लागलं. "मीच येतो," ते म्हणाले.

सकाळी एक डोळा निम्मा उघडला होता. मैदानात बाकांवर सगळे शिक्षक ओळीने बसले होते आणि समोर लालबुंद, वांग्याएवढ्या फुगल्या गालांचा फोटोग्राफर कॅमेरा चाचपत उभा होता. पुढची रांग त्यांना जेमतेम दिसत होती, मागची म्हणजे नुसतं धुकं. त्यांच्या कोपराला धरून उभ्या होत्या सासूबाई.

"मागे डावीकडचे उंच गृहस्थ डोळे मिटताहेत," सासूबाई कुजबुजल्या. त्यांची कुजबूज मैदानभर ऐकू जायची. "आता उघडले. मधल्या बाई उगाच पोट आत घेताहेत. जावईबापू, कॅमेरा अजून डावीकडे. तुमचं डावं नव्हे, माझं."

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही. पण एकदा सुरू झाल्यावर कोणाला आवरेना. शाळेत ज्यांना कधी कोणी हसताना पाहिलं नव्हतं, त्या मोठ्या बाई पदराने डोळे टिपत होत्या. आवाजाच्या अंदाजाने फोटोवाल्यांनी बटण दाबलं.

इतका जिवंत ग्रुप फोटो त्यांच्या हातून आधी कधी निघाला नव्हता. मोठ्या बाईंनी तो मोठा करून मागितला आणि बजावलं, "सुरकुत्या पुसू नका. हसण्याच्या आहेत." बायको त्या दिवशी घरी आली ती गाणं गुणगुणत.

क्रीमचा डबा मात्र सासूबाईंनी टाकू दिला नव्हता. जिन्नस वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते लेकीच्या जुन्या, भेगाळलेल्या चामड्याच्या पर्सवर चोळलं. मेण आणि तेलच ते. पर्स नव्यासारखी मऊ झाली, भेगा गेल्या, वर दालचिनीचा मंद सुगंध. शिक्षकांच्या खोलीत चौकशा सुरू झाल्या आणि एके दिवशी चित्रकलेच्या बाई स्वतःच स्टुडिओत आल्या. फोटोवाल्यांची सूज तोवर ओसरली होती, पण कातडी सोलवटून सुरकुत्या होत्या त्याहून दुप्पट दिसत होत्या.

"ते क्रीम तुम्हीच करता ना?" बाईंनी विचारलं. "मला एक डबी हवी होती. काय गुण आहे हो त्याला. जुनी वस्तू ओळखू येत नाही."

"करतो की," फोटोवाले खुलून म्हणाले.

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि काळजीच्या सुरात म्हणाल्या, "मग स्वतःला का नाही लावत?"