घरत सरांचे हात

आमच्या शाळेत घरत सरांचे हात फारसे कुणी पाहिलेच नव्हते. ते कायम पाठीमागे बांधलेले. खडू धरायला उजवा हात तेवढा पुढे यायचा आणि काम झालं की मुकाट्याने परत मागे जायचा. बाकावर डुलक्या घेणाऱ्या पोराला उठवायचं असलं तर सर त्याच्या कानाशी वाकून त्रिकोणाची व्याख्या म्हणायचे, पण हात लावायचे नाहीत. मधल्या सुट्टीत सातवीची पोरं तसेच हात बांधून मैदानभर फिरायची. त्यात समीक्षा सगळ्यांत पुढे. एकदा सरांनीच तिला थांबवून सांगितलं, की डावा पंजा वर आणि उजवा खाली ठेव, तू उलटं करतेस.

याला कारण होतं. आधीच्या शाळेत एका मुलाला अवघड गणित सुटलं म्हणून सरांनी त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. लहानपणापासून भाताचे भारे उचलून तयार झालेला तो पंजा. पोरगं बाकावर आपटलं आणि दुसऱ्या दिवशी बाप तक्रार घेऊन हजर. चौकशी झाली, सर निर्दोष सुटले, हात मात्र अडकले ते अडकलेच.

तेव्हापासून सरांनी शाळेचे सगळे कायदे तोंडपाठ केले. ‘साक्षीदार कोण?’ हे त्यांचं पालुपद. एखाद्या मुलीला वहीबद्दल दोन शब्द सुनावायचे असले तरी समोर मी हवी. मी जीव तोडून कविता शिकवत असायची आणि दारात शिपाई उभा, घरत सरांना साक्षीदार पाहिजे. अस्सा राग यायचा मला! डब्यातलं कोलंबीचं कालवण वाढलं तरी आधी सगळीकडे नजर फिरवून विचारायचे, मॅडमनी स्वखुशीने दिलं, ऐकलंत ना?

राहायचे नागावला, एका वाडीतल्या खोलीत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मालकाने बाकीच्या खोल्यांचा होमस्टे केला होता. पर्यटक सरांना मॅनेजर समजून टॉवेल मागायचे. सर आणूनही द्यायचे, साक्षीदार ठेवून.

तर गेल्या पावसाळ्यात समीक्षाच्या आईला अलिबागला नोकरी लागली. वडील मांडव्याला रिक्षा चालवतात. त्यांनी बिऱ्हाड अलिबागला हलवलं आणि शाळा सोडल्याचा दाखला मागायला आमच्याकडे आले. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, म्हणाले प्रिंटर बंद आहे. पुढच्या खेपेला म्हणाले क्लार्क रजेवर आहे. प्रिंटर टुणटुणीत होता आणि क्लार्क आत बसून चहा पीत होता.

खरी गोष्ट अशी, की सप्टेंबरअखेर पट मोजला जाणार होता. पट एकानेही घसरला असता तर आमच्यातला एक शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे पाठवला गेला असता. नियमाप्रमाणे जातो तो शेवटी आलेला. वयाने थोरले असले तरी शेवटी आलेले घरत सरच होते. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली, आता कुठे माणूस डब्यात वाटेकरी झालेला. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, मोजणी होईपर्यंत दाखला द्यायचा नाही. सरांना कळू द्यायचं नाही.

पण अलिबागची शाळा दाखल्यावाचून घेईना आणि पोरगी घरी बसली. शेवटी वडिलांनी घरत सरांनाच गाठलं. सर तसेच हात मागे बांधून स्टाफरूममध्ये आले. आवाज चढला की त्यांची पुस्तकी भाषा गळून पडायची.

“दाखला मागितला का लगेच द्यायचा, ह्यो कायदा हाय. पोरगी घरी कुनासाठी बसलीय?”

सगळ्यांनी वह्यांत डोकी घातली. शेवटी मीच सांगितलं, सर, तुमच्यासाठी.

सर खुर्चीवर बसले. मला वाटलं, विरघळले. पण त्यांनी कागद ओढला आणि मुख्याध्यापकांविरुद्ध तक्रार लिहायला घेतली. स्वतःची बदली ओढवून घेण्यासाठी तक्रार करणारा माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही. लिहून झाल्यावर साक्षीदार म्हणून सही करायला कागद माझ्यापुढे सरकवला. मी केली. मोठ्या सरांनी तो वाचला आणि प्रिंटर ताबडतोब सुरू झाला.

दिवाळीनंतर सरांचा बदलीचा आदेश आला. पार पोलादपूरकडच्या डोंगरातली शाळा. त्यांना सोडायला मी अलिबागच्या स्टँडवर गेले होते. सामान म्हणजे एक ट्रंक आणि छत्री. एसटी लागायला वेळ होता, तेवढ्यात समोर रिक्षा थांबली आणि समीक्षा उतरली. अंगावर नव्या शाळेचा गणवेश, डोळे रडून सुजलेले.

“सर, माझ्यामुळं जाताय ना तुम्ही?”

“तुझा काय संबंध?” सर म्हणाले. “कुठं किती शिक्षक ठेवायचे ते शासन ठरवतं. त्यात विद्यार्थ्याचा दोष धरायची तरतूदच नाही. मी सगळं वाचलंय.”

तिचा विश्वास बसला असावा. सरांनी वाचलंय म्हटल्यावर आम्ही सगळेच विश्वास ठेवायचो. तिने डोळे पुसले आणि पाया पडायला वाकली. सर घाईघाईने एक पाऊल मागे सरले. मग माझ्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाले,

“मॅडम, हायत ना तुम्ही साक्षीदार?”

मी म्हटलं, आहे, सर.

त्यांचा उजवा हात पाठीमागून निघाला आणि तिच्या डोक्यावर टेकला. चांगला मोठा, खडबडीत हात होता. तो त्यांनी लवकर उचललाच नाही. माझ्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं, पण साक्षीदाराने डोळे मिटायचे नसतात, म्हणून मी ते उघडेच ठेवले.