टिल्लूंचा खबऱ्या

मिरजेच्या मनोहर टिल्लूंनी आपल्या विज्ञानकथांसाठी रचलेल्या झुळूक ग्रहावरून एका मंगळवारी सकाळी दोन अधिकारी त्यांच्या चौकशीला आले.

झुळूकवर पाणी चढणीला वाहतं, म्हणून तिथले लोक विहिरी डोंगरमाथ्यावर खणतात. टिल्लूंना हे पहिल्यांदा सुचलं तेव्हा संपादक म्हणाले होते, "भुताचं काही असेल तर द्या." पुढे तीसेक वर्षं टिल्लू लिहीत राहिले. दिवाळी अंकांत त्यांची कथा राशिभविष्याच्या मागे छापत आणि बहुतेक लोक राशिभविष्यापाशीच थांबत.

अधिकाऱ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. थोरले रेमठ, धाकटे तोलीन. दोघेही तिथल्या पाटबंधारे खात्यातले.

"आमच्या विहिरींची माहिती तुम्हाला कोण पुरवतं?" रेमठांनी विचारलं.

"कोणी नाही. मला सुचतं."

"पकडलेले सगळे असंच म्हणतात."

टिल्लूंच्या पत्नी इंदूताईंनी चहा आणला. तोलीननी आपल्या कपातला घोट आधी टिल्लूंना घ्यायला लावला.

"एक नाव सांगा, आम्ही लगेच परत जातो," रेमठ म्हणाले. "त्या माणसाचं काय करायचं ते आम्ही बघू."

एखादं नाव ठोकून द्यावं असं टिल्लूंना क्षणभर वाटलं. पण आपण रचू ते नाव तिथे कुणाचं तरी निघणार, या धास्तीने त्यांनी तो मोह आवरला. मग म्हणाले, "खबऱ्या नाही. सगळं माझं आहे."

"मग आत्ता, आमच्यासमोर काहीतरी सुचवा."

टिल्लूंनी डोळे मिटले. "तुमच्या उत्तरेकडच्या धरणाला तडा गेलाय. धरण फुटलं की पाणी वर चढून माथ्यावरच्या गावात शिरणार."

तोलीननी कप खाली ठेवला.

"तो तडा आम्ही दोघांनीच पाहिलाय," रेमठ सावकाश म्हणाले आणि त्यांनी तोलीनकडे पाहिलं. तोलीन आधीपासूनच त्यांच्याकडे रोखून पाहत होते.

इंदूताई दारातूनच म्हणाल्या, "या दोघांचाही भात टाकायचा का?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी दोन वाट्या तांदूळ जास्त घेतले.

"त्या पाण्यातून गावातली माणसं वाचतात का?" अखेर तोलीननी विचारलं.

"ते अजून ठरलं नाही," टिल्लू म्हणाले. त्यांना असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

रेमठांनी उठून दाराला आतून कडी घातली आणि ते पुन्हा समोर येऊन बसले.

"ठरवा," ते म्हणाले. "आम्ही थांबतो."