कबर रिकामी झाली की कळवा

कबरीत कुत्री व्यालेली आहे हे सुनील हिवाळेला शनिवारी दुपारी तीन वाजता समजलं. आधी पोटरीला समजलं, मग डोक्याला.

"आई गं!" करून तो उलटा पळाला आणि थेट पहिल्या बाकावर चढला. विजारीचा चतकोर तुकडा कबरीच्या तोंडाशी पडला होता. आतून गुरगुर येत होती आणि गुरगुरीच्या मागं बारीक कुंईकुंई.

"चावली व्हय?" झाडू भिंतीला टेकवत रंभाजीनं शांतपणे विचारलं. चर्चची झाडलोट आणि घंटा त्याच्याकडं होती. "तशी मार्था चावकी न्हाई. बाळंतीन हाय, म्हनून."

"मार्था?"

"नाव ठिवलंय. लई कामाची हाय."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, बाबा?"

"ईस्टरच्या दुसऱ्या दिसापासनं. पाच पिल्लं हायेत. आता डोळं उघडलंत, चालत्यात बी."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुमी इचारलं कुटं?"

कबर अर्थातच खोटी होती, येशूची. पिंपळदऱ्याच्या पोरांनी ती ईस्टरसाठी चर्चच्या आतच एका कोपऱ्यात उभी केली होती. बांबूचा सांगाडा, वर गोणपाट, त्यावर सिमेंटचं पाणी. दाराला धोंड म्हणून गोणपाटात गुंडाळलेलं ट्रॅक्टरचं पुढचं टायर, ईस्टरपासून बाजूलाच लोटलेलं. सण झाल्यावर ती मोडायची होती. पण चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी काकासाहेब साळवे यांनी तिचा फोटो बिशपसाहेबांना पाठवला. साहेबांचं 'सुंदर' असं उत्तर आलं आणि काकासाहेबांनी जाहीर केलं, "साहेब ईस्टरनंतरच्या तिसऱ्या रविवारी येनार. तवर कबरीला कुनी हात लावायचा न्हाई." कुणी लावला नाही. मधल्या दोन रविवारी कुणी आत डोकावलंसुद्धा नाही. डोकावायला माणूस होतं कुठं? ईस्टरला चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते. नवे कपडे, अत्तर, फोटो! पुढच्या रविवारी, जत्रा उठल्यावर मैदानात कागद उरावेत तशी नऊ डोकी उरतात. त्यातली दोन सुनीलची आणि त्याच्या बायकोची.

आणि सुनीलचं सगळं नशीब या रविवारावर टांगलेलं. सहा वर्षं तो पाळकाचं काम करत होता, पण पाळक नव्हता. पाळकपदाची दीक्षाच झाली नव्हती. बाप्तिस्म्याला पारनेरहून एक पाळक यायचा, लग्नाला आणखी कुठून दुसरा. सुनीलनं फक्त खुर्च्या मांडायच्या. लोक मायेनं 'पास्टर' म्हणत, काकासाहेब मात्र आठवणीनं 'प्रचारक' म्हणत. उद्या बिशप त्याचं प्रवचन ऐकणार आणि दीक्षेचं ठरवणार. प्रवचन त्यानं महिनाभर घोकलं होतं: 'या आणि पाहा'. विश्वास म्हणजे आंधळेपणा नव्हे, कबर उघडी आहे, ज्याला शंका असेल त्यानं खुशाल आत डोकावावं. शेवटी पंख लावून देवदूत झालेली आठ वर्षांची निकिता धोंड लोटणार, "तो येथे नाही, तो उठला आहे" म्हणणार आणि सगळी मंडळी रिकामी कबर बघणार.

रिकामी!

काकासाहेब आले ते काठी घेऊनच. "कुत्रंच हाय ना? सेक्रेटरीफुडं काय टिकतंय?"

पुढच्या मिनिटाला काकासाहेब व्यासपीठावर होते आणि काठी मार्थाच्या तोंडात. त्या व्यासपीठावर चढायला मिळावं म्हणून माणसानं वीस वर्षं राजकारण केलं होतं. मार्थानं एका झेपेत चढवलं.

"हाकला तिला!" ते वरून गरजले.

"सेक्रेटरीसाहेब, वरनं आवाज झ्याक येतोय तुमचा," रंभाजी म्हणाला.

मग सुनीलला मटणाची युक्ती सुचली. बिशपसाहेबांसाठी आणलेलं मटण घरी तयार होतं. बायको शेजारी गेलेली बघून त्यानं वाटीभर आणलं. मार्था बाहेर आली, तिनं खाल्लं आणि रंभाजीचा हात आत जायच्या आत ती पुन्हा कबरीत. दुसरी वाटी. तिसरी. दिवस मावळेपर्यंत पातेलं रिकामं झालं होतं. कबर भरलेलीच होती.

"दोन किलो?" रुपालीनं पातेलं उलटं करून दाखवलं. "अहो, दोन किलो कुत्रीला? लग्नाला सहा वर्षं झाली, मला कधी अर्धा किलो आणलंत का?"

"अगं, माझ्या दीक्षेचा प्रश्न आहे."

"मग तिलाच देऊन टाका दीक्षा. उद्या साहेबांच्या ताटात पिठलं पडंल, आत्ताच सांगून ठेवते."

तोडगा शेवटी काकासाहेबांनीच काढला. "धोंड दाराला लावायची आन लोटायचीच न्हाई."

"पण माझं प्रवचन 'या आणि पाहा' असं आहे!"

"बदला की मग! बायबल काय येवढुसं हाय? त्यो येशूचा शंकेखोर शिष्य थोमा हाय ना? न पाहता विश्वास ठेवतात ते धन्य. घ्या त्योच!"

जिथं जिथं भक्तांना 'बघू नका, विश्वास ठेवा' असं दरडावून सांगतात, तिथं आत काय व्यालंय हे एकदा तपासून घ्यावं. सुनीलला हे कळत होतं. तरी त्यानं मान डोलावली. पोट आणि पद पुढं उभं राहिलं की भल्याभल्यांची मान डोलते.

रविवारी चर्च ओसंडून वाहत होतं. निम्मे बिशपला बघायला आले होते, निम्मे कुत्रीला. गावात ज्याला माहीत नव्हतं असा एकच माणूस होता आणि तो पहिल्या रांगेत, गुडघ्यावर हात ठेवून, मान खाली घालून बसला होता. बिशपसाहेब.

"प्रियजनहो," सुनीलनं सुरुवात केली, "डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं असतं का?"

"कुंई," कबर म्हणाली.

"हालेलूया!" काकासाहेब ओरडले. मंडळी दचकली, पण समजली. "हालेलूया!"

"थोमा म्हणाला, येशूच्या जखमांत बोट घातल्याशिवाय..."

"भुक!"

"हालेलूया! हालेलूया!" आता मंडळीला चव लागली. पुढं कुंई असो नसो, दर वाक्याला हालेलूया पडू लागलं. डफली निघाली. मागच्या बाकावरचा एकजण तर इतका ओरडला, की शेजाऱ्यांनी त्याला खाली बसवलं. सुनीलचा आवाज चढला, घाम फुटला, पाचही पिल्लं एका सुरात रडू लागली आणि छप्पर उडायच्या बेतात आलं. पिंपळदऱ्यात इतका विश्वास याआधी कुणी पाहिला नव्हता.

बिशपसाहेबांचे डोळे भरून आले. प्रवचन संपल्यावर ते काठी टेकत उठले. "चाळीस वर्षांत असं जागृतीचं दृश्य मी पाहिलं नाही," ते म्हणाले. "न पाहता विश्वास ठेवणारे तुम्ही धन्य आहात. मी मात्र म्हातारा थोमा. फोटोतली ती कबर मला डोळ्यांनी पाहायची आहे."

हालेलूया कुणालाच सुचलं नाही.

ते कबरीपाशी गेले. धोंडेशेजारी पंख लावून निकिता उभी होती.

"बाळ, आत कोण आहे?"

निकितानं काकासाहेबांकडं पाहिलं. काकासाहेब डोळ्यांनी 'न्हाई न्हाई' करत होते. तिनं पाठ केलेलं म्हणून टाकलं, "तो येथे नाही, तो उठला आहे." मग तिला राहवेना. "पन मार्था हाय. आन तिची पाच पिल्लं."

आणि देवदूतानं टायर लोटून दिलं.

पिल्लं एकामागून एक, धडपडत, उजेडाला बिचकत बाहेर आली. एकानं बिशपसाहेबांच्या झग्याची कड तोंडात धरली. दुसऱ्यानं त्यांच्या बुटावर आपलं काम उरकलं. मार्था दारात उभी राहून सगळ्यांकडं बघत होती. तिला चावायचं भान नव्हतं.

"ही कुत्री आमच्या मंडळीची न्हाई, साहेब!" काकासाहेब घाईनं म्हणाले.

"का न्हाई?" रंभाजी मागून बोलला. "ईस्टरपासनं रोज देवळात हाय. तुमी कितींदा आला, सेक्रेटरीसाहेब?"

बिशपसाहेब सुनीलकडं वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग दगड का लोटला नाहीत?"

"भ्यालो, साहेब."

"कुत्रीला?"

"कुत्री काय, नुसती चावते." सुनील व्यासपीठावरून खाली उतरला. "तुम्हाला भ्यालो."

बिशपसाहेबांनी झग्याची कड हळूच सोडवून घेतली.

"आजचं हे पहिलं खरं वाक्य," ते म्हणाले. "ऐका हिवाळे. दीक्षा देईन, पण या कबरीत, रिकामी झाल्यावर. पाचही पिल्लांना घरं मिळाली पाहिजेत. तुमच्या मंडळीत इतका विश्वास आहे, जागा काय कमी पडणार आहे? कबर रिकामी झाली की कळवा."

मग त्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली, दोनदा मागून घेतली, आणि रुपालीनं त्यांना मटणाचं खरं काय ते सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून सुनील टोपलीत पिल्लं घेऊन दारोदार फिरू लागला. सहा वर्षं त्यानं तारणाचा निरोप घरोघर नेला होता, पण इतकी दारं कधी बंद झाली नव्हती. "आमची श्रद्धा हाय पास्टर, पन जागा न्हाई." "पुढच्या साली बघू." सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्यानं तर कडी लावली आणि "घरात कुनीबी न्हाई!" असं स्वतःच आतून ओरडून सांगितलं.

एक पिल्लू निकितानं रडून घेतलं. एक अजिनाथनं नेलं. टायर त्याच्याच ट्रॅक्टरचं होतं आणि चर्चला तो जन्मात आला नव्हता. "टायर कधी देताय ते सांगा, आन कुत्रं आत्ताच द्या," म्हणाला. मार्थाला आणि एका पिल्लाला रंभाजीनं घरी नेलं. चौथं रुपालीनं ठेवून घेतलं. "दोन किलो खाल्लंय, वसूल करते," म्हणाली आणि त्याला मांडीवर घेऊन बसली. ईस्टरला सात आठवडे होत आले, पेंटेकॉस्टचा सण जवळ आला तरी पाचवं उरलंच. शेवटी रुपाली ते घेऊन काकासाहेबांच्या ओट्यावर गेली.

"काका, साहेबांचा फोन येतो रोज. कुणामुळं अडलंय विचारतात. काय नाव सांगू?"

काकासाहेबांनी पिल्लू घेतलं. त्याचं नाव थोमा ठेवलं, कारण चावून बघितल्याशिवाय ते कशावरच विश्वास ठेवत नव्हतं. निम्मा वेळ काकासाहेबांनाच चावत होतं.

त्या दुपारी सुनीलनं चर्चच्या पायरीवरून फोन लावला. "साहेब, कबर रिकामी आहे!"

"पाहिलीत का?" पलीकडून आवाज आला.

सुनील थांबला. पाहिली नव्हती. तो फोन कानाला धरूनच आत गेला आणि कुणी न सांगता त्यानं आपल्या हातानं टायर लोटलं.

बाहेर मे महिन्याचं ऊन भाजत होतं. आत गारव्याला, टायर आतून ओढून, उशाला झाडू घेऊन, रंभाजी घोरत पडला होता.

"हिवाळे? काय दिसतंय?"

"साहेब," सुनील म्हणाला, "एक सभासद अजून उठायचाय."