नानांची रुंद चाकं

नानांची आणि माझी ओळख त्यांच्या अंगठ्यामार्फत झाली. २०१४ सालच्या उन्हाळ्यात आम्ही डहाणूत राहायला आलो. टेम्पोतून कपाट उतरवताना मी हमालांना सल्ले देण्याचं कष्टाचं काम करत होतो. तेवढ्यात शेजारच्या फाटकातून खाकी अर्ध्या चड्डीतले एक काटकुळे गृहस्थ आले. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या पोटावर अंगठा दाबला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले,

"बत्तीस पौंड. डांबरी रस्त्याला ठीक आहे. कच्च्या रस्त्याला थोडी हवा काढा."

आणि निघून गेले. माझी बायको दाराआड तोंड दाबून हसत होती. पंचायत समितीच्या नोकरीत माणसाला अपमान ओळखायची सवय होते, पण हा नेमका कुठे नोंदवावा ते मला कळेना.

नानांनी फुग्यांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं काढली होती. आमच्याकडे फुग्यांचे कारखाने बरेच. कुठल्याशा गावातल्या वाढदिवसाला फुटणारा फुगा इथे जन्माला येतो. नाना त्या फुग्यांचे जन्मदाते नव्हते, पण सुईण होते म्हणायला हरकत नाही. यंत्रं सांभाळायची, रबराचा वास घ्यायचा आणि दर शंभरातला एक फुगा अंगठ्याने दाबून पाहायचा. कारखाना सुटला, अंगठा सुटला नाही. पाव, चिकू, उशी, पोराटोरांचे गाल, बँकेतल्या खुर्चीची गादी, सगळ्यांना नाना पौंड द्यायचे. चिकूच्या बाबतीत तर ते कधीच चुकले नाहीत. बागायतदार मंडळी उगाच मान डोलवत नसत.

"रबर खोटं बोलत नाही," हे त्यांचं एक वाक्य. दुसरं, "लिहून ठेवा." हे दुसरं त्यांना फार महागात पडलं.

निवृत्तीच्या वेळी कारखान्यातल्यांनी वर्गणी काढून नानांना गिअरची सायकल दिली होती. डोंगरावर चढणारी, जाड दांड्याची, लाल. डहाणूत डोंगर नाही, हा तपशील निरोप समारंभात कुणी काढला नाही. नाना त्या सायकलीवरून भाजीला जात, देवळात जात, लग्नाला जात. बस, रिक्षा, गाडी वर्ज्य. "चार चाकं त्याला, ज्याचा दोनांवर भरवसा नाही." सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, यावर नुसतं "हो, आणि अक्कल त्याला, ज्याला..." एवढं म्हणून भाजी निवडायला घेत.

आम्ही आलो त्याच महिन्यात नानांच्या एकुलत्या एक मुलीने, वर्षाने, लग्न ठरवलं. मुलगा तलासरीच्या बाजूच्या वारली पाड्यावरचा. प्राथमिक शिक्षक, निर्व्यसनी, आवाज गोड. शोधायचंच म्हटलं तर दोष एकच सापडत होता. त्याने किंवा वर्षाने नानांना आधी विचारलं नव्हतं. जातीचं नाव नानांनी तोंडातून काढलं नाही. तेवढे ते सुधारलेले होते. पण सुधारलेल्या माणसाचा राग मोकळा होत नाही, आत फुगत राहतो.

लग्नाच्या आदल्या सकाळी तो फुटला. वर्षा आहेराची पिशवी घेऊन फाटकाशी उभी. नाना सायकल धरून. सगळी आळी कुंपणाला. मी दात घासत होतो, तो ब्रश तसाच तोंडात.

"नाना, उद्या याल ना?"

नानांनी पुढच्या चाकावर हात ठेवला. "हे चाक त्या अंगणाला लागणार नाही. लिहून ठेवा!"

कुणी लिहून ठेवलं नाही. गरजच नव्हती. आळीतल्या चौदा घरांना ते पाठ झालं.

पुढची चार वर्षं काकू महिन्यातून एकदा पिशव्या भरून एकट्या तलासरीला जात. नाना त्या दिवशी स्वतःपुरती खिचडी टाकत आणि संध्याकाळी फाटकाशी उभे राहत. काकू उतरल्या की मुलीबद्दल एक अक्षर विचारत नसत. विचारत ते रस्त्याबद्दल.

"खडी टाकली का?"

"नाही."

"ओहोळात रेती किती?"

"घोट्याएवढी. तुम्हाला काय करायचंय? टेंडर भरताय?"

"सहज. सार्वजनिक प्रश्न आहे."

हायवेनंतरचा तो तीन किलोमीटरांचा कच्चा रस्ता नानांना इतका ठाऊक झाला की आमच्या कार्यालयातल्या नकाशापेक्षा मी त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवला असता. पण चाक काही तिकडे वळलं नाही. चारचौघांत बोललेला शब्द. नाना त्या शब्दावर असे बसले होते, जसा माणूस चुकीच्या गाडीत बसतो आणि उतरायला लाज वाटते म्हणून शेवटच्या स्टेशनापर्यंत जातो.

२०१८च्या पावसाळ्यात वर्षाला मुलगी झाली. आळीला पेढे काकूंनी वाटले. नानांनी आमच्या वाट्याचा पेढा दाबून पाहिला, "अकरा" म्हणाले आणि घरात गेले. त्यानंतर पंधरा दिवसांनी ते माझ्याकडे आले.

"तुमच्या मोबाइलवर टायर दिसतात का? रुंद?"

"कशाला?"

"समुद्रावर चालवायचीय. रेतीत बारीक चाक रुततं."

डहाणूचा किनारा पन्नास वर्षं तिथेच होता आणि नाना इतक्या वर्षांत भेळ खायलासुद्धा तिथे गेले नव्हते. पण मला मोबाइलमधलं कळतं असं समजणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. मी सामील झालो.

चार इंची टायरचं चित्र पाहून नाना खुळावले. मी म्हटलं, "आधी चिमट्यातली जागा मोजा." पुढचं चाक ज्या दोन पायांत अडकवतात तो चिमटा. नाना हसले. खिशातून फुगा काढला, चिमट्यात धरून फुगवला. फुगा दोन्ही पायांना टेकून छान बसला. मग तो काढून त्यांनी पट्टी लावली. "चार इंच! वर जागा उरतेय. रबर खोटं बोलत नाही."

टायर वापीहून आले. बाजारातल्या रमणभाईंच्या दुकानात समारंभपूर्वक पुढचं चाक उघडलं. रमणभाई सायकलवाल्यांच्या तिसऱ्या पिढीतले, बोलणं निम्मं गुजराती. त्यांनी टायर चिमट्याला लावून पाहिला आणि टायरकडे नाही, नानांकडे दयेने पाहिलं.

"नाना, आ नई बेसे. हत्तीला चोळी घालायची का?"

"फुगा बसला होता!"

"फुगो तो बधे बेसे, नाना, कुठेही बसतो. दाबला की लांब होतो, सोडला की गोल. लोखंड मागे सरत नाय."

दुकानात चहा प्यायला बसलेले चारजण होते. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वाणगावला पोचली. तेहतीस वर्षं फुगे बनवलेल्या माणसाला फुगा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं! काकूंनी तर ते दोन टायर परसात ठेवून त्यांत मिरच्या लावल्या. त्या वर्षी मिरच्या उत्तम आल्या.

मला वाटलं संपलं. पण नानांनी दुसऱ्या दिवशी लोखंडी पट्टीने माप घेतलं, दोन्ही बाजूंना बोटभर फट सोडली आणि आकडा आणला. दोन पूर्णांक चार इंच. रमणभाई खूश झाले. "आ बेसे! टायर बदलून देतो, अर्ध्या तासाचं काम. रिम जुनीच चालेल."

"रिमही नवी."

"जूनी रिम तो मस्त छे!"

"टायर रुंद, तर रिम रुंद. नाहीतर वळणावर टायर लडबडतो."

हे शास्त्राला धरून होतं. रमणभाईंनी मान्य केलं. "बरं, आरे तरी जुने घेऊ."

"आरे नवे."

"हब? मधल्या हबला काय धाड भरलीय?"

"हबही नवा. ट्यूब नवी. नट नवे. जुन्या चाकाचं काही नको." नाना असं म्हणाले, जणू जुनं चाक साथीच्या रोगाने गेलं होतं. मग त्यांची नजर मागच्या चाकावरच्या गिअरच्या दात्यांच्या चकत्यांवर गेली आणि ते एकदम काळजीत पडले. त्या चकत्या काढून नव्या हबवर बसवायच्या होत्या. तशा नव्या मिळत नव्हत्या.

"रमणभाई, विचार करून सांगा. या चकत्या चाकाच्या धरायच्या की साखळीच्या?"

मी पंचायत समितीत वीस वर्षं काढली आहेत. फाईल या टेबलाची की त्या टेबलाची, यावर महिने गेलेले पाहिलेत. पण एवढ्या कळकळीने विचारलेला प्रश्न मी ऐकला नव्हता. रमणभाईंनी कान खाजवला.

"साखळी तेना पर फरे... एटले साखळीच्या."

"लिहून ठेवा," नाना म्हणाले आणि घाम पुसला.

रमणभाईंनी आरे एकेक करून ओवले, चाक फिरवून फिरवून त्याचा आऊट, म्हणजे डुलणं, काढला. रिम रुंद म्हणून ब्रेकच्या गुटक्यांमागचे जाड वायसर काढून पातळ घातले. सायकल उभी राहिली ती पैलवानासारखी. नानांनी हवा मात्र कमी भरली. "रुंद टायर. सव्वीस पौंड पुरे. ज्याच्याकडे ऐसपैस जागा आहे, त्याने ताठ राहायचं कारण नसतं."

"टायरला कळलं म्हणायचं," काकू आतून म्हणाल्या.

मी मदत म्हणून एकदा पंप मारायला घेतला आणि मागच्या व्हॉल्व्हचं टोपण गटारात घालवलं. नाना ओरडतील म्हणून गुपचूप जुन्या पुढच्या चाकाचं टोपण काढून तिथे बसवलं. एवढंसं काळं टोपण. कुणाला कळणार?

रानशेतपर्यंत एक चाचणी झाली. समुद्राचं नाव नानांनी परत काढलं नाही. आणि मग डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी ते माझ्या फाटकाशी आले. इस्त्रीचा सदरा, सायकलच्या कॅरिअरला चिकूंची पिशवी.

"स्कूटर काढा. पंप घ्या. पंक्चर झालं तर माणूस हवा."

"कुठे, किनाऱ्यावर?"

"रेतीतच," नाना म्हणाले आणि पायडल मारलं. त्यांनी किनाऱ्याकडे पाठ केली होती.

चार तास मी त्यांच्या मागून बैलगाडीच्या वेगाने स्कूटर चालवली. बासष्ट वर्षांचा माणूस पुढे आणि त्रेचाळिसाव्या वर्षी स्कूटरवर बसून दमणारा मी मागे. हायवे ओलांडला. कच्चा रस्ता लागला. ओहोळाच्या रेतीत माझी स्कूटर रुतली, नानांची सायकल हलकेच पार गेली. त्यांनी पलीकडून ओरडून सांगितलं, "घोट्यापेक्षा जास्त आहे! सुमन चुकीचं सांगत होती!"

पाडा आला. शेणाने सारवलेलं, चोपून-चापून केलेलं अंगण, कुडाच्या भिंतीवर पांढरी नक्षी. अंगणाच्या कडेला, सारवण सुरू होतं तिथे बरोबर चार बोटं अलीकडे, नाना थांबले. दोन्ही हातांनी हॅन्डल घट्ट धरलेलं.

दारात वर्षा आली, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. मागे जावई, हातात अर्धवट सोललेला नारळ. वर्षाने बापाकडे पाहिलं नाही. तिने सायकलीकडे पाहिलं. खाली, चाकाकडे. मग तिचा चेहरा हळूहळू बदलू लागला.

"टायर बदलले?"

"हं."

"रिम?"

"रिमही."

"आरे?"

"आरे, हब, ट्यूब. सगळं. ते चाक डहाणूला आहे. पडवीत खिळ्याला टांगलंय. आईला विचार."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. समुद्र, रेती, साखळीच्या चकत्या, सगळं एका झटक्यात. आणि त्याच झटक्यात मला ते टोपण आठवलं. नवं चाक, शब्द शाबूत, पण मागच्या व्हॉल्व्हवर जुन्या चाकाचं एवढंसं काळं टोपण, आणि नाना अंगणात चाक घालायच्या बेतात.

"थांबा, हवा बघतो," मी म्हटलं आणि पोट सांभाळत मागच्या चाकापाशी बसलो. टोपण फिरवलं, मुठीत घेतलं. हवा काही टोपणावर थांबलेली नसते. आत झडप असते, ती हवा धरते. "ठीक आहे. जाऊ द्या आत."

नानांनी सायकल अंगणात घेतली. रुंद चाकाचा रुंद माग सारवणावर उमटला. वर्षाने मुलीला पुढे केलं. नानांचा अंगठा आपोआप वर गेला, पोरीच्या गालावर टेकला, हलकेच आत गेला. आम्ही सगळे आकड्याची वाट पाहत होतो. डोळे मिटले होते, ते उघडायला नानांनी फार वेळ लावला. आकडा आलाच नाही.

"नाना, आत या, ऊन लागतंय," जावई म्हणाला. "नारळ पाणीदार आहे."

नाना त्याच्याकडे वळले. थोडा विचार केला. मग त्याच्या हातातला नारळ दाबून पाहिला, जो दाबून काही कळत नाही. "चांगला आहे," म्हणाले.

संध्याकाळी परत निघताना नाना चाकांवरून हात फिरवत होते. मागच्या व्हॉल्व्हपाशी बोट अडलं.

"इथलं टोपण?"

"पडलं असेल ओहोळात," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या बंद मुठीकडे, जी मी का कोण जाणे टोपणासकट पुन्हा आवळली होती. जवळ आले आणि माझ्या पोटावर अंगठा दाबला.

"अठ्ठावीस," नाना म्हणाले. "उतरतंय."

त्या चार वर्षांत माझं वजन सहा किलोंनी वाढलं होतं.