कोंडिबांचे क्लॅरिनेट यंत्रात धरिले त्याची हकीकत

नवी मुंबई प्रांती, मौजे कामोठे येथे, पाण्याच्या टाकीसमोरील सोसायटीत जे घोर प्रकरण गुदरले, ते पुढील पिढ्यांस यथास्थित कळावे आणि लोकांनी भलतेसलते बोलू नये, याकारणे ही हकीकत लिहिली असे. यात पदरचे काही घातले नाही. थोडेबहुत आढळल्यास वाचणाराने पोटात घालावे.

राजश्री कोंडिबा हे बँडपार्टीतील नामांकित सरदार, क्लॅरिनेट हे त्यांचे हत्यार, आणि उभी हयात वरातींत खर्ची पडली. त्यांनी सूर धरिला आणि नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला नाही, ऐसे कधी जाहले नाही. परंतु काळ कोणास चुकला? वरचे दात हलू लागले, आणि दंतवैद्याचे फर्मान सुटले की सोमवारी वरची फळी समूळ काढावी, मागाहून कवळी बसवावी. क्लॅरिनेट तो वरचे दात टेकल्यावाचून बोलत नाही. हे ऐकोन कोंडिबांचे चिरंजीव सुगतराव, कळंबोलीच्या लोखंडबाजारातील हिशेबनीस, यांच्या काळजात धस्स जाहले. बापाचे वाजवणे आजवर कोणी धरून ठेविले नव्हते. रविवारी न धरिले तर ते कायमचे गेले. हे दुःख त्यांनी कोणास सांगितले नाही. फक्त भाजीत दोनदा मीठ घातले, आणि मग घरात सर्वांस कळले.

मग मसलत बैसली. आधी मोबाईलात धरून पाहिले, तो उंच सूर येताच मोबाईलने कच खाल्ली आणि क्लॅरिनेट कुकरच्या शिट्टीसारखे ऐकू आले. मग सुगतरावांनी इंटरनेटाच्या दर्यात उडी घातली आणि तेथे त्यांची अक्कल गटांगळ्या खाऊ लागली. एक पंडित म्हणे चार माईक पाहिजेत, दुसरा म्हणे दोन पुरेत, आणि तिसरा म्हणे यंत्र राहू द्या, आधी भिंतीस गाद्या लावा. अखेर खासा स्वारी वाशीस गेली आणि दुकानदार विपुलशेठ यांजकडून, न पटल्यास परत करण्याच्या बोलीवर, आवाज धरणारी दोन यंत्रे घेऊन आली. थोरले चार माईकांचे, तीन पायांच्या तिकाटण्यावर बैसणारे, अंगभर दिवे मिरविणारे. धाकटे मुठीत मावणारे, आणि वारा लागू नये म्हणून डोईस केसाळ टोपी ल्यालेले. ते पाहोन सुगतरावांच्या पत्नी संघमित्राबाई वदल्या, "अहो, हे मांजराचं पिल्लू कुठून उचललंत?" सुगतरावांचा इतबार थोरल्यावर बसला होता. धाकटे टीव्हीशेजारी अडगळीत पडले.

रविवारी बंदोबस्त काय वर्णावा! खिडक्या बंद, पंखा बंद, कुकरास सक्त मनाई, भिंतीस गाद्या. कोंडिबांस जरीच्या बाह्यांचा बँडचा कोट चढवून सोफ्यावर बैसविले, थोरले यंत्र समोर रोविले, आणि हुकूम जाहला की कोणी हलू नये, खोकू नये. लाल दिवा लागला. कोंडिबांनी फुंकर घातली, आणि क्लॅरिनेट 'चीं' करून राहिले. पुन्हा फुंकिले, पुन्हा चीं. ज्या बोटांनी अवघे वऱ्हाड नाचविले ती बोटे लाकडाची जाहली, कोटात घाम सुटला, आणि सुगतरावांस रडू येऊ लागले.

"बसून मला येत न्हाई रं," कोंडिबा खालमानेने बोलिले. "पाय हालले की बोटं हालत्यात."

"सोताच्या लग्नातबी बसले न्हाईत," सुगतरावांच्या मातोश्री केशरबाईंनी साक्ष दिली. "आपल्याच वरातीत वाजवत आलेत."

मग कोंडिबा उठिले आणि चालू लागले, आणि काय आश्चर्य! स्वयंपाकघरापावेतो जाता जाता सूर जागा जाहला. परंतु थोरले यंत्र जागचे हलेना. क्लॅरिनेट जवळ येई आणि एसटीसारखे निघून जाई. सुगतराव तिकाटणे उचलून मागे धावले, तो पाय पडद्यात अडकोन यंत्र, पडदा आणि धनी एकदम धारातीर्थी पडले. तेव्हा संघमित्राबाईंनी प्रसंगावधान राखोन मांजराचे पिल्लू त्यांच्या हाती दिले. सुगतराव उठिले, बापापुढे जाहले आणि यंत्र उंच धरून, वरातीत पोरे नाचतात तैसे, उलट्या पावली चालू लागले.

दार उघडिले, जिना उतरिला, आणि स्वारी रस्त्यावर आली. भाजीवाल्याने तराजू खाली ठेविला, लोक गॅलऱ्यांत आले आणि मग मागे चालू लागले. सोसायटीचे सेक्रेटरी आशुतोषराव आवाजाची हरकत घेण्यास उतरले, ते रुमाल दातांत धरोन नागासारखे डोलू लागले. सुगतराव उभ्या स्कूटरवर आदळले, गुडघा फुटला, परंतु हात खाली आला नाही. चौकात अखेरचा लांब सूर सोडून कोंडिबा थांबले आणि धापा टाकीत म्हणाले, "आलं का रं त्यात?"

यंत्र लावून ऐकिले. आले होते. चपलांची फटफट, भाजीवाल्याचे 'वाह' आणि सर्वांवर बापाचा सूर, स्वच्छ.

सोमवारी दात गेले. मंगळवारी थोरले यंत्र वाशीस रवाना जाहले आणि धाकटे घरी कायम जाहले. कोंडिबा तोंडात कापूस धरून सोफ्यावर मुके बैसले होते. सुगतरावांनी त्यांच्या कानी इयरफोन लाविले. थोडा वेळ बोटे गुडघ्यावर हलली, आणि मग कोंडिबा उठिले. वायर आखूड, म्हणोन सुगतराव यंत्र धरून पुढे, उलट्या पावली. दार, जिना, रस्ता.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, हे सर्वांस जाहीर असावे. रस्त्यावरील लोकांस काही एक ऐकू येत नव्हते. बाप चालला आहे आणि लेक उलटा चालला आहे, इतकेच दिसले. तरी आशुतोषरावांनी पिशवी खाली ठेविली आणि खिशातून रुमाल काढून दातांत धरिला.